'माझा पत्ता' सांगणारी एक ओळ : एका रूढ प्रात्यक्षिकाची समीक्षा

प्रस्तावना

नाशिकच्या अशोक स्तंभापासून निघून पश्चिमेस गंगापूर गाव व धरणाच्या दिशेने जाणारा रस्ता गंगापूर रोड या नावाने ओळखला जातो. हे नाव नाशिककराच्या बाजूने पडलेले आहे, ही गोष्ट रोजच्या वापरात विसरली जाते. गंगापूरहून शहरात येणाऱ्याला तोच रस्ता नाशिकचा असतो. या रस्त्यावर मराठा विद्या प्रसारक समाजाची दोन मोठी महाविद्यालये आहेत. के.टी.एच.एम. महाविद्यालयाच्या पत्त्यात 'गंगापूर रोड, नाशिक ४२२००२' असे लिहिले जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पत्ता 'उदोजी मराठा बोर्डिंग परिसर, पंपिंग स्टेशनजवळ, गंगापूर रोड, नाशिक ४२२०१३' असा आहे. पुढे त्याच दिशेला असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पत्ता 'ज्ञानगंगोत्री, गंगापूर धरणाजवळ, नाशिक ४२२२२२' असा. एकच रस्ता, एकच दिशा, परंतु पिनकोड तीन. आणि तीनपैकी दोन पत्त्यांत 'जवळ' हा शब्द आलेला. पत्ता लिहिताना संस्था स्वतःविषयी फारसे काही सांगत नाही. येणाऱ्या माणसाला व टपालाला कोठून कसे यायचे, एवढेच ती सांगते.

याच परिसरातील व राज्यातील इतर महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या वर्गांत जावा ही भाषा शिकवताना एक प्रात्यक्षिक वर्षानुवर्षे दिले जाते : 'आपल्या संगणकाचे नाव व आयपी पत्ता दर्शविणारी आज्ञावली लिहा.' उत्तर दोन-तीन ओळींचे असते आणि त्यातील महत्त्वाची ओळ एकच. विद्यार्थी ती पाठ करतो, पडद्यावर चार अंकगट उमटतात, परीक्षक गुण देतात. प्रस्तुत लेखात या ओळीची समीक्षा केली आहे. आज्ञावली हाही एक संहितेचा प्रकार आहे. तिच्यात गृहीतके दडलेली असतात, तिला काळ असतो, आणि कधी कधी तिचा काळ संपून गेल्यावरही ती पाठ्यपुस्तकात टिकून राहते. संगणकाला 'स्वतःचा' असा एक पत्ता असतो, हे या ओळीचे गृहीतक आज खरे राहिलेले नाही. ते शिकवले जात असल्याने होणारी हानी केवळ प्रात्यक्षिकाच्या दोन-चार गुणांपुरती मर्यादित नाही, असे येथे दाखवावयाचे आहे.

ओळ प्रत्यक्षात काय करते

जावामध्ये 'इनेटअ‍ॅड्रेस' या वर्गातील 'गेटलोकलहोस्ट' ही पद्धत वापरून हे काम केले जाते. तिचे नाव वाचणाऱ्याची अशी समजूत होते की, यंत्र स्वतःच्या अंतरंगात डोकावून आपला पत्ता वाचून दाखवत असावे. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. ही पद्धत प्रथम कार्यकारी प्रणालीला विचारते, 'या यंत्राचे नाव काय?' मिळालेले नाव घेऊन ती नावांच्या नोंदवहीत जाते आणि त्या नावासमोर कोणता पत्ता लिहिला आहे ते पाहून परत येते. म्हणजे ती पत्ता शोधत नाही. नाव शोधते आणि नावावरून नोंद काढते. एखाद्याने स्वतःच्या घराचा पत्ता जाणून घेण्यासाठी आपले नाव टेलिफोन डिरेक्टरीत पाहावे, तसा हा प्रकार होय. डिरेक्टरी जुनी असेल तर उत्तर जुने, नाव नसेल तर उत्तरच नाही. नाव न सापडल्यास जावा 'अननोनहोस्ट' नावाचा अपवाद फेकते. आपल्याच घरात बसून 'या नावाचे येथे कोणी राहत नाही' असे ऐकावे लागण्यासारखीच ती अवस्था असते.

प्रयोगशाळेत ही ओळ वेगवेगळ्या यंत्रांवर चालवून पाहिली असता तिचे स्वरूप उघडे पडते. डेबियन किंवा उबुंटू प्रणालीवर ती पुष्कळदा १२७.०.१.१ हा पत्ता देते, कारण त्या प्रणाली उभारणीच्या वेळीच यंत्राच्या नावासमोर हा पत्ता नोंदवहीत लिहून ठेवतात. १२७ ने सुरू होणारे सर्व पत्ते 'मी स्वतः' या अर्थाचे. शेजारच्या टेबलावरील संगणकाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. विंडोज प्रणालीवर जाळ्याची तार काढून ठेवली तर बहुधा १२७.०.०.१ मिळतो. त्याच यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्स बसवलेले असेल, आणि आज प्रयोगशाळांत ते सर्रास असते, तर १९२.१६८.५६.१ असा पत्ता येऊ शकतो. तो त्या यंत्राच्या पोटात निर्माण केलेल्या आभासी जाळ्याचा असतो. ही सर्व उत्तरे पडद्यावर सारख्याच आत्मविश्वासाने उमटतात. प्रश्नाची शब्दरचना पाहता ती सर्व बरोबरही ठरतात, आणि येथेच परीक्षकाची अडचण सुरू होते. एका विद्यार्थ्याचे १२७.०.१.१ हे उत्तर चूक म्हणावे तर आज्ञावली अगदी पुस्तकाप्रमाणे आहे. बरोबर म्हणावे तर त्या पत्त्यावर कोणालाही पोहोचता येत नाही.

ही ओळ मुळात चुकीची नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. यंत्राचे नाव विचारण्याची सोय १९८३ साली बर्कली विद्यापीठाने प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत होती. त्या काळी जाळ्याला जोडलेली यंत्रे मोजकी, प्रत्येक यंत्र एका खोलीत स्थिर, बहुतेकांना एकच जोडणी, आणि सर्व नावांची यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एकाच फाइलमध्ये सांभाळली जात असे. नाव सांगा, यादी पाहा, पत्ता घ्या, हा मार्ग त्या व्यवस्थेत निर्दोष होता. जानेवारी १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा हीच रीत नव्या भाषेत उतरली. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. मोडेमचा कर्कश आवाज ऐकत जोडल्या जाणाऱ्या त्या संगणकाला फोन चालू असेपर्यंत जगाला दिसणारा एक पत्ता मिळत असे. तात्पुरता का होईना, पण 'माझा पत्ता' या शब्दप्रयोगाला त्या वेळी अर्थ होता.

पत्ता यंत्राचा की जोडणीचा

या प्रश्नाचे सैद्धान्तिक उत्तर तसे जुने आहे. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या मूळ दस्तऐवजातच नाव, पत्ता व मार्ग या तीन गोष्टी वेगळ्या मानल्या होत्या, आणि एका यंत्राला अनेक जोडण्या व अनेक पत्ते असू शकतात याची तरतूदही केली होती. जेरोम सॉल्टझर यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या व पुढे १९९३ मध्ये आरएफसी १४९८ म्हणून प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही विभागणी अधिक काटेकोर केली. सेवा, ती चालवणारे यंत्र, ते यंत्र जाळ्याला जेथे जोडले जाते तो बिंदू, आणि दोन बिंदूंमधील मार्ग अशा चार वस्तू त्यांनी वेगळ्या केल्या. आयपी पत्ता हा यांपैकी तिसऱ्या वस्तूचा, म्हणजे जोडणीच्या बिंदूचा आहे. संगणक एका खोलीतून दुसऱ्या जाळ्यावर नेला की यंत्र तेच राहते, पत्ता बदलतो. लॅपटॉपला तार आणि वाय-फाय दोन्ही जोडले तर एका यंत्राला दोन पत्ते होतात. जावानेही २००२ च्या १.४ या आवृत्तीत 'नेटवर्कइंटरफेस' हा वर्ग देऊन यंत्राच्या सर्व जोडण्या व त्यांवरील सर्व पत्ते मोजण्याची सोय केली. मात्र रूढ प्रात्यक्षिकात या वर्गाला क्वचितच स्थान मिळते. त्याचे कारण उघड आहे : एका प्रश्नाला पाच-सहा उत्तरे येऊ लागली की गुण कसे द्यावेत, हे ठरत नाही.

मराठी माणसाला ही विभागणी परकी वाटण्याचे काही कारण नाही. ग्रामीण पत्त्याची 'मु. पो.' ही सुरुवात पाहावी. मुक्काम म्हणजे माणूस जेथे राहतो ते गाव, आणि पोस्ट म्हणजे ज्या कार्यालयामार्फत त्याचे टपाल येते ते गाव. गावातच टपाल कार्यालय असेल तर दोन्ही एकत्र लिहिले जातात. नसेल तर 'मु.' पुढे एक गाव आणि 'पो.' पुढे दुसरे गाव लिहावे लागते. शहरात शिकायला आलेला विद्यार्थी नातेवाइकाकडे राहत असेल तर त्याच्या पत्त्यात 'द्वारा' येते. राहण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण या दोन बाबी भिन्न असू शकतात, हे टपालाच्या या साध्या रीतीत गृहीतच आहे. 'बेपत्ता' हा शब्दही असाच सूचक आहे. बेपत्ता झालेल्या माणसाला आपण कोठे आहोत ते ठाऊक असू शकते. तो बेपत्ता असतो तो शोधणाऱ्यांच्या दृष्टीने. 'पत्ता लागणे' ही क्रियाही नेहमी दुसऱ्या कोणाला तरी घडते.

पिनकोडची रचना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. संस्कृतचे विद्वान व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पकतेतून ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. (इंटरनेटही पुढे याच तारखेला खुले झाले, हा योगायोग.) पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यासह वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. पिनकोड इमारतीचा नसतो, ती इमारत ज्या कार्यालयाच्या वाटपात येते त्याचा असतो. म्हणूनच एका रस्त्यावर आणि एकाच संस्थेच्या दोन महाविद्यालयांना ४२२००२ व ४२२०१३ असे वेगळे अंक मिळतात. आयपी पत्त्यातही आरंभीचे अंक जाळे दाखवतात आणि शेवटचे त्या जाळ्यातील जोडणी. दोन्ही रचना मार्ग काढणाऱ्याच्या सोयीसाठी घडवलेल्या आहेत. राहणाऱ्याची ओळख सांगणे हे त्यांचे प्रयोजन नाही. भारतीय टपाल विभागाने २०२५ मध्ये आणलेला दहा चिन्हांचा 'डिजिपिन' मात्र निराळ्या जातीचा आहे. तो अक्षांश-रेखांशांवरून सुमारे चार मीटर बाजूच्या चौकोनासाठी काढला जातो, म्हणून तो कोणालाही न विचारता स्वतःच्या स्वतः मोजता येतो. संगणकाकडून आपण अशा डिजिपिनाची अपेक्षा करतो आणि त्याच्यापाशी असतो फक्त पिनकोड, असे म्हणता येईल.

'बाहेरून' दिसणारा पत्ता

मूळ पद्धतीतील पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा असल्याने एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतकेच. ते पुरणार नाहीत हे लवकरच ध्यानात आले. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या गटांतील पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. हे पत्ते कोणत्याही संस्थेने आपल्या आवारात वापरावेत, फक्त ते आवाराबाहेर जाऊ देऊ नयेत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावरील खासगी पत्ता पुसून त्या जागी संस्थेचा सार्वजनिक पत्ता लिहिण्याचे काम दारावरचा राउटर करतो. या पद्धतीला 'नॅट' म्हणतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पत्तेही पाच प्रादेशिक संस्थांना वाटले गेले, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटोपला. त्यानंतर मोबाइल कंपन्यांनी असंख्य ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्याची रीत व्यापक केली, त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा आणखी एक गट एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. अशा व्यवस्थेत मोबाइलवरून जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या मागे दोन-दोन नॅट असतात : एक खिशातल्या फोनचा, दुसरा कंपनीचा.

अशा यंत्राला 'तुझा पत्ता काय?' असे विचारले तर ते आपला मुक्काम सांगेल. पोस्ट त्याला ठाऊकच नसते. ते जाणून घ्यायचे तर बाहेरच्या कोणास तरी पत्र पाठवून 'माझ्या पाकिटावर कोणता शिक्का दिसतो?' असे विचारावे लागते. याच कल्पनेवर मार्च २००३ मध्ये 'स्टन' नावाची पद्धत प्रमाणित झाली. तिच्याही आधी, नोव्हेंबर २००२ मध्ये, इंटरनेटच्या रचनेवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने आरएफसी ३४२४ हा दस्तऐवज काढला होता. तो या विषयावरील उत्तम समीक्षेचा नमुना मानावा लागेल. यंत्राने नॅटमागे बसून एकतर्फी आपला पत्ता ठरवणे, या खटाटोपाला त्यात 'अनसॅफ' असे आद्याक्षरी नाव दिले आहे. उच्चारताच 'असुरक्षित' या अर्थाचा इंग्रजी शब्द कानावर पडावा, हा त्यातील मिस्कीलपणा. दस्तऐवजातील मूलभूत आक्षेप असा की, नॅटला 'बाहेर' अशी एकच जागा नसते. ज्याला विचारले तो एका बाजूस असेल आणि ज्याच्याशी बोलायचे तो दुसऱ्याच बाजूस असेल, तर पहिल्याने सांगितलेला पत्ता दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरू शकतो.

हा आक्षेप पुढे अनुभवाने खरा ठरला. २००८ मध्ये स्टनची सुधारित आवृत्ती आली तेव्हा आद्याक्षरे तीच ठेवून विस्तार बदलण्यात आला. पूर्वीच्या विस्तारात नॅट पार करण्याची सोपी पद्धत असल्याचा दावा होता. नव्या विस्तारात ती केवळ उपयोगी साधने पुरवते, असे म्हटले आहे. पूर्वीची पद्धत पूर्ण उपाय म्हणून पुरेशी ठरली नाही, ही कबुलीही दिली आहे. तांत्रिक वाङ्मयात शीर्षक बदलून चूक मान्य केल्याची अशी उदाहरणे विरळाच. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तेवढा मोकळेपणा दाखवायला हरकत नसावी.

पत्ता कशासाठी हवा

समीक्षेच्या दृष्टीने याहून कळीचा प्रश्न निराळाच आहे. आज्ञावलीला स्वतःचा पत्ता हवा असतो तो कशासाठी? सेवा पुरवणाऱ्या सर्व्हरला तो सहसा लागत नाही. तो ०.०.०.० या पत्त्यावर कान लावून बसतो. त्याचा अर्थ, 'माझ्या कोणत्याही दारावर कोणी आले तरी चालेल.' येणारा आला की तो नेमक्या कोणत्या दाराने आला, हे त्या जोडणीला विचारून कळते. सेवा घेणाऱ्यालाही तो लागत नाही, कारण त्याच्या प्रत्येक पाकिटावर तो आपोआप लिहिला जातो. राहिला एकच हेतू : आपला पत्ता दुसऱ्याला सांगणे, आणि तोही पाकिटावर न लिहिता पत्राच्या मजकुरात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे फाइल्स पाठवण्याची 'एफटीपी' ही पद्धत. १९८५ च्या आरएफसी ९५९ प्रमाणे तीत ग्राहक-यंत्र 'माझ्या या पत्त्यावर, या दारावर फाइल पाठवा' असे संदेशाच्या आत लिहून कळवते. नॅट आल्यावर पाकिटावरचा पत्ता बदलला जाऊ लागला, पण मजकुरातला खासगी पत्ता तसाच राहिला. सर्व्हर त्या पत्त्यावर फाइल पाठवू लागला आणि ती कोठेच पोहोचेना. शाळेत पत्रलेखन शिकवताना उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहायला सांगतात. पत्र लिहिणारा मधल्या काळात घर बदलून गेला असेल तर त्या कोपऱ्यातल्या पत्त्यापेक्षा पाकिटावरचा टपालाचा शिक्काच अधिक भरवशाचा. रूढ प्रात्यक्षिक विद्यार्थ्याला पत्ता मिळवायला शिकवते, पण तो मजकुरात लिहू नये, हे शिकवत नाही. हा विद्यार्थी पुढे नोकरीत जाऊन हजेरीची किंवा परीक्षेची प्रणाली लिहितो आणि यंत्राने स्वतः सांगितलेल्या पत्त्यावरून ते यंत्र महाविद्यालयाच्या आवारात आहे की नाही, हे ठरवू पाहतो. १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता त्या आवारात असतो, तसाच गावोगावच्या घरांतही असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

पत्ता आणि माणूस

या गैरसमजाची किंमत यंत्रांपुरती राहिलेली नाही. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह चित्र प्रसिद्ध झाल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याच्या आधारे बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सुमारे पन्नास दिवस तो तुरुंगात होता. सेवा पुरवठादाराने त्या पत्त्यासाठी दिलेली ग्राहकाची माहितीच चुकीची होती, असे नंतर निष्पन्न झाले. या प्रकरणात कोणी किती दोषी, हा न्यायाचा विषय आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तपासाच्या प्रत्येक टप्प्यावर 'हा पत्ता याचा' या वाक्यावर कोणाला शंका आली नाही. फिरता पत्ता एका क्षणी एकाकडे आणि दुसऱ्या क्षणी दुसऱ्याकडे असतो. वेळेविना त्याला अर्थ नाही. कंपनीच्या नॅटमागे तर एकाच क्षणी एका पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. म्हणूनच जून २०११ च्या आरएफसी ६३०२ मध्ये सर्व्हरने पत्त्याबरोबर अचूक वेळ आणि दार-क्रमांक म्हणजे 'पोर्ट'ही नोंदवावा, अशी शिफारस केली आहे. तपास करणारे, माहिती पुरवणारे आणि ती तपासणारे हे सर्वजण कोणत्या ना कोणत्या वर्गात शिकलेले असतात. त्यांतील काहींनी 'आपल्या संगणकाचा आयपी पत्ता दर्शवा' हे प्रात्यक्षिक करून पूर्ण गुण मिळवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

यावर अध्यापकांचा एक रास्त आक्षेप येऊ शकतो. प्रात्यक्षिक ही पहिली पायरी असते. तुकडीतील सर्वांना ठरावीक वेळात पूर्ण करता यावे आणि परीक्षकाला झटपट तपासता यावे, असे ते असावे लागते. नॅट, अनेक जोडण्या, फिरते पत्ते हे सर्व पहिल्याच तासाला सांगितले तर विद्यार्थी गोंधळून जाईल. आक्षेपातील व्यावहारिक भाग मान्य करावाच लागेल. परंतु सोपे करणे आणि असत्य सांगणे यांत अंतर आहे. भूगोलाच्या पहिल्या धड्यात पृथ्वी गोल म्हटली जाते, ती लंबगोलाकार असल्याचे पुढे कळते. तेथे पहिले विधान दुसऱ्याची वाट अडवत नाही. 'संगणकाचा पत्ता' हे एकवचन मात्र पुढच्या सर्व समजुतींची वाट अडवते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर एकाच जोडणीवर एकाच वेळी अनेक पत्ते असणे हीच सामान्य स्थिती आहे, आणि माग काढता येऊ नये म्हणून त्यांतील काही ठरावीक काळाने मुद्दाम बदललेही जातात. एकवचन शिकून आलेल्याला तेथे सारे पुन्हा शिकावे लागते.

पर्यायी प्रात्यक्षिक

खरे तर याहून नेमका प्रश्न विचारायला फार ओळी लागत नाहीत. यूडीपी प्रकारचे एक सॉकेट उघडावे, ते एखाद्या दूरच्या पत्त्याशी 'जोडावे' आणि मग सॉकेटलाच विचारावे की, तुझ्या या टोकाचा पत्ता काय? यूडीपीत जोडणे म्हणजे केवळ गन्तव्य ठरवणे; एकही संदेश बाहेर जात नाही. कार्यकारी प्रणाली आपल्या मार्गतक्त्यात पाहून त्या दिशेला जाण्यासाठी कोणत्या जोडणीने निघावे लागेल ते ठरवते आणि त्या जोडणीचा पत्ता सांगते. प्रचलित उदाहरणांत गन्तव्य म्हणून गूगलच्या नामसेवेचा ८.८.८.८ हा पत्ता घातलेला दिसतो आणि विद्यार्थी तो मंत्रासारखा उतरवून घेतात. त्याची गरज नाही. आरएफसी ५७३७ ने केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या २०३.०.११३ या गटातील कोणताही पत्ता चालतो, कारण तेथे कोणाला जायचेच नसते, फक्त निघण्याचे दार विचारायचे असते. बाहेर जाण्याचा मार्गच नसेल तर आज्ञावली तसे स्पष्ट सांगते, १२७.०.०.१ दाखवून वेळ मारून नेत नाही. या रीतीचे खरे मोल तिच्या शब्दरचनेत आहे. 'माझा पत्ता काय?' असे न विचारता ती 'तिकडे जाताना माझा पत्ता काय?' असे विचारते.

हीच आज्ञावली विद्यार्थ्याने तीन गन्तव्ये देऊन चालवावी : स्वतःचेच १२७.०.०.१, शेजारच्या टेबलावरील संगणक, आणि आवाराबाहेरचा एखादा पत्ता. पहिल्याला १२७.०.०.१ हेच उत्तर येईल, दुसऱ्याला प्रयोगशाळेतील जाळ्याचा पत्ता. तिसऱ्याला कदाचित तोच, कदाचित निराळा. फोन यूएसबीने जोडला असेल तर बहुधा निराळा, आणि तो का, हे तोंडी परीक्षेत विचारण्याजोगे आहे. चौथे उत्तर आज्ञावलीने स्वतः काढावयाचे नाही. बाहेरच्या सर्व्हरला तुला मी कोणत्या पत्त्यावर दिसतो असे विचारून ते मिळवायचे आणि तिसऱ्या उत्तराशेजारी लिहायचे. हे सर्व वीस-पंचवीस ओळींत आणि एका तासिकेत बसते. परीक्षकाच्या गुणपत्रिकेतही फार फेरफार करावा लागणार नाही. सध्या 'आयपी पत्ता' असा एकच रकाना असतो, त्याच्या डावीकडे 'कोणाकडे जाताना' असा आणखी एक रकाना आखला की पुरे.